४५ की ५५? आमच्या छतातले पाहुणे

लॉफ्टचे काम काढण्याआधी आम्ही कौलांखालची फट बुजवणार होतो, तोच एका संध्याकाळी तिथून वटवाघळे बाहेर पडताना दिसली. ब्रिटनमधली ही चिमुकली पिपिस्ट्रेल. वजन जेमतेम पाच ग्रॅम! १९९० च्या दशकापर्यंत यांची एकच जात मानत. मग आवाजावरून फरक कळला. कॉमन पिपिस्ट्रेलचा आवाज ४५ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वात जोरदार असतो, सोप्रानो पिपिस्ट्रेलचा ५५ च्या. आपल्याला २० च्या पुढचे ऐकू येत नाही, म्हणून बॅट डिटेक्टर लागतो. सोप्रानोला पाण्याकाठ अधिक आवडतो. आमची ५५ वाली निघाली. घरामागे कालवा आहेच! कायदा मात्र दोन्ही जातींना सारखाच: निवारा रिकामा दिसला तरी परवान्याशिवाय बुजवणे गुन्हा. तेव्हा छताला हात लावण्याआधी तज्ज्ञाला जरूर दाखवा.