फाइल तीच आहे ना, बॉस?

ऑफिसातली मंडळी मला ‘कस्टमवाली’ म्हणतात. कारण काय, तर नेटवरून एखादं सॉफ्टवेअर उतरवलं की मी त्यावर लगेच डबल-क्लिक करत नाही. आधी त्याचा चेकसम बघते. म्हणू देत बापडे!

चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइल चार जीबीची का असेना, ‘शा-२५६’ नावाचं गणित तिच्यातला बिट न् बिट चघळतं आणि ६४ अक्षरं-आकड्यांची एक ओळ बाहेर टाकतं. आत एखादा स्वल्पविराम जरी हलला, तरी ओळ पार बदलते. बनवणाऱ्याने जाहीर केलेली ओळ आणि तुमच्याकडे निघालेली ओळ जुळली, तर फाइल तीच. नाही जुळली, तर डाऊनलोड गंडलंय, नाहीतर कुणीतरी मध्ये हात मारलाय.

याचा धाकटा भाऊ तुमच्या पाकिटातच आहे. क्रेडिट कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो, आधारचाही तसाच. म्हणून तर एक आकडा चुकला की ऑनलाइन फॉर्म कुरकुरतो. पण ही धाव टायपिंगच्या चुकीपर्यंतच. चोर पकडणं त्याचं काम नव्हे.

चोराचा किस्सा २० फेब्रुवारी २०१६चा. लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी, बऱ्यापैकी लोकप्रिय ऑपरेटिंग सिस्टिम. तिची साइट हॅक झाली आणि डाऊनलोडची लिंक गुपचूप बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवली गेली. तिथे १७.३ सिनॅमन आवृत्तीची जुळी बहीण बसलेली. दिसायला सेम टू सेम, पण आत हॅकरसाठी मागचं दार उघडं! मिंटवाल्यांनी मग अस्सल फाइल्सचे चेकसम जाहीर केले. ज्यांचा जुळला नाही त्यांना सांगितलं, मशीन नेटवरून काढा, डेटाचा बॅकअप घ्या, सिस्टिम नव्याने टाका आणि पासवर्ड बदला, ई-मेलचा तर नक्कीच.

आता तुम्ही विचाराल, साइटच चोराच्या हातात असेल तर तो तिथला चेकसमही बदलेल की! अगदी बरोबर. म्हणून ओळ शक्यतो दुसऱ्या ठिकाणाहून पडताळावी, आणि डिजिटल सही दिली असेल तर तीही तपासावी. आणि हो, जुन्या साइट्सवर अजून ‘एमडी-५’ दिसतो. दोन वेगळ्या फाइल्सना एकच एमडी-५ ठसा मिळू शकतो, हे २००४मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलंय. ‘शा-१’चीही २०१७मध्ये तीच गत झाली. शा-२५६च बघा.

खर्च शून्य. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही कमांड इंग्रजीत टाइप करायची, पुढे फाइलचं नाव. मोठ्या फाइलला जरा वेळ लागतो, तेवढ्यात चहा आणा. फक्त ती ६४ अक्षरं डोळ्यांनी ताडू नका. आपण पहिली चार आणि शेवटची चार बघतो, मधलं गृहीत धरतो. निघालेली ओळ कॉपी करा आणि जिथे ती जाहीर केलीय त्या पानावर कंट्रोल-एफ करून शोधा. सापडली तरच डबल-क्लिक.