सरवा वेचणाऱ्या बाया

सुगी आटोपल्यावर शेतांत पडून राहिलेलीं कणसें गोरगरीब बायांनीं वेचून न्यावीं, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. ह्या कणसांस 'सरवा' म्हणतात. फ्रान्समध्येंहि गरिबांस अशी मुभा होती. त्या सरव्यावर झाँ फ्रान्स्वा मिले (१८१४–१८७५) ह्या चित्रकारानें इ. स. १८५७ मध्यें एक तैलचित्र काढिलें. मूळ चित्र पॅरिस येथील ओर्से संग्रहालयांत आहे. आमच्या वाचकांनीं त्याची प्रतिकृति तरी एकवार निरखून पाहावी.

चित्राच्या पुढील भागीं तीन शेतकरणी आहेत. दोघी कंबरेंतून पार वाकल्या आहेत, तिसरी अर्धवट वाकली आहे. एकीचा हात पाठीवर आहे. फार वेळ वाकणारीचा हात आपोआप जेथें जातो, तेथेंच. मागें दूरवर धान्याच्या गंज्या, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला मुकादम. धन्याची रास लहान दिसते, आणि मूठभर दाण्यांसाठीं वाकलेल्या बाया मोठ्या दिसतात. ह्यामुळेंच पॅरिसच्या प्रदर्शनांत कित्येक टीकाकार बिथरले. १८४८ ची क्रांति त्यांच्या स्मरणांत ताजी होती. मिले मात्र स्वतः नॉर्मंडीतील शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणापासून पाहिलेलें त्यानें काढिलें.

आम्हां नागपूरकरांस हें दृश्य परकें नाहीं. दिवाळीनंतर काटोल-सावनेरकडे जावें, तों पऱ्हाटींत ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया दिसतात. पाठ तशीच, वाकणेंहि तसेंच. दिवस मावळल्यावर घरीं चूल वाट पाहत असते. त्या कामाची मजुरी कोणी मोजीत नाहीं. सरव्याचे दाणेहि अखेर घरच्या भाकरीसाठींच. तेव्हां शेतांतलें तें वाकणें हेंहि गृहकृत्यच होय.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. भरल्या कुटुंबांत पंगत वेळेवर बसते, ह्याचा आपणांस अभिमान असतो. परंतु त्या पंगतीसाठीं कितीजणी किती वेळ वाकल्या, हें बैठकींत चित्रकलेची चर्चा करणाऱ्या आम्हां पुरुषांपैकीं कितीजण सांगूं शकतील? चित्रांतील पाठीवरच्या हाताची वाखाणणी करणें सोपें आहे. तसाच हात आपल्या स्वयंपाकघरांत दिसला, तर निदान पाण्याचा तांब्या तरी आपण उठून घ्यावा.