एकभुक्ताचा नवा अवतार

आपल्या धर्मशास्त्रात एकभुक्त व नक्त अशी व्रते आहेत : पहिल्यात मध्याह्नानंतर एकदाच जेवावयाचे, दुसऱ्यात रात्री. माझी आजी सोमवारी नक्त करी. वजन उतरावे हा तिचा हेतू नव्हता. आज तीच प्रथा मेदावरील उपाय म्हणून परतली आहे. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनच वेळा जेवण्याचा पुरस्कार केला, टोरांटोचे डॉ. जेसन फंग यांनी २०१६ साली ग्रंथ लिहून उपवासाची महती सांगितली.

अमेरिकेतील एका प्रयोगात (२००७) निरोगी माणसांनी आठ आठवडे दिवसाचे सारे अन्न एकाच जेवणात घेतले. वजन किंचित उतरले. भूक व रक्तदाब मात्र वाढले.

गेल्या हिवाळ्यात माझे वडीलबंधू मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर निराहार राहिले आणि अंगणातील बर्फ उपसताना कोसळले. रक्तातील साखर फार उतरली होती. वेळीच साखरपाणी मिळाले म्हणून निभावले.

आजी आजाऱ्याला व्रत करू देत नसे. एकवेळ जेवण्याचा संकल्प करणाऱ्यांनी तिचा हा नियम विसरू नये. औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे.