राखेवर तरंगणारी काच

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांची राख पाण्याबरोबर तळ्यात सोडली की बहुतेक भाग तळाशी बसतो. वर मात्र करड्या सायीसारखा पातळ थर तरंगतो. हे सेनोस्फिअर. बॉयलरच्या धगीत कोळशातली माती वितळते, थेंबात वायू अडकतो आणि थंड होताना सिलिका-ॲल्युमिनाचा पोकळ काचगोळा तयार होतो. आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्शाहून जास्त राख असते, त्यामुळे कच्च्या मालाची वानवा नाही.

पुट्टी, रंग, रेझिन किंवा सिमेंट हलके करायला हे गोळे भरतात. दुसरा पर्याय कारखान्यात बनवलेल्या बोरोसिलिकेट काचगोळ्यांचा: पांढरेशुभ्र, आणखी हलके, पण महाग. सेनोस्फिअरची घनता घनसेंटिमीटरला साधारण 0.4 ते 0.8 ग्रॅम, कारखान्यातले गोळे 0.12 पासून मिळतात.

मात्र सर्वांत हलका तोच उत्तम, हा हिशेब फसवा आहे. कवच जितके पातळ तितके ते लवकर फुटते, आणि फुटलेला गोळा म्हणजे नुसती जड काचपूड. हाताने लावायच्या पुट्टीला नाजूक गोळा चालतो; इंजेक्शन मोल्डिंगचा प्रचंड दाब सोसायला 0.6 च्या आसपासचा दणकट गोळा बरा. मिसळतानाही तो शेवटी, सावकाश घालावा. भावाची तुलना किलोवर नको, लिटरवर करा, कारण भरायची असते ती जागा. नमुना पाण्यात टाकून बघा: बुडेल तो भाग फुटका किंवा भरीव. तळ्यातला माल पॉलियुरेथेनसाठी घेतलात तर आधी पूर्ण वाळवा. ओलाव्याने त्यात फेस येतो.