अंगणवाडीतला संवाद

अंगणवाडी म्हटली की खिचडी, बडबडगीते आणि वजनकाटा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु हे सारे ज्याच्या बळावर चालते, त्या मोठ्या माणसांच्या आपसांतील बोलण्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. माझी आत्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिच्यामुळे हे काम मला जवळून पाहता आले. त्यातून जे उमगले, ते येथे मांडते.

वस्तुतः अंगणवाडीचा जन्मच पालकांना समजून घेण्यातून झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा पालकांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

आज एकाच मुलाची माहिती अनेकांकडे विखुरलेली असते. वजनाची नोंद सेविकेकडे, लसीची तारीख नर्सबाईंकडे. मदतनीस सकाळी घरोघर जाऊन मुले गोळा करते. त्यामुळे कुणाचा बाप ऊसतोडीला गेला, कुणाची आई तापाने पडली, हे तिलाच ठाऊक असते. पण तिला विचारतो कोण? एका मुलाला चार दिवस जुलाब होत असल्याचे आत्याला माहीत होते. वहीत मात्र नुसती 'गैरहजर' अशी नोंद होती! दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित समजतात. अशा मुलाच्या बाबतीत चार दिवस ही थोडी गोष्ट नव्हे.

पालकांशी बोलणे तर त्याहून नाजूक. चारचौघींत "तुझं पोर कुपोषित आहे" असे म्हटले, की आईला तो आरोप वाटतो आणि दुसऱ्या दिवसापासून मूल यायचे बंद होते. आत्याच्या सेविकाबाई आईला बाजूला घेतात. आधी म्हणतात, "अगं, पोरगी आता स्वतःच्या हातानं जेवते की!" मग विचारतात, "रात्री काय खाल्लं तिनं?" आईचे ऐकून झाल्यावरच वजनाचा आलेख दाखवतात आणि एकच गोष्ट सांगतात : दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवायचे, घासात चमचाभर तेल घालायचे. चूल सासूच्या ताब्यात असेल, तर संध्याकाळी घरी जाऊन तिलाही विश्वासात घेतात.

आता मुले घरी गेल्यावर सेविका व मदतनीस दहा मिनिटे एकत्र बसतात. कोण आले नाही, कोण जेवले नाही, कुणाच्या घरी कोण जाणार, एवढेच बोलतात. याला पैसा लागत नाही. समोरच्याला आपल्यापेक्षा काही अधिक ठाऊक असू शकते, हे मान्य करावे लागते. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील, कचेरीत बसतील. त्यांनीही हे ध्यानी ठेवावे, एवढीच विनंती.