आडवा वारा

विमान आकाशात उडते याचे सामान्य जनांस नवल वाटते. परंतु जाणत्या वैमानिकास विचारावे, तर खरी परीक्षा भूमीवर चाके टेकताना होते, असेच तो सांगेल. ॲमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ‘जिप्सी मॉथ’ या लहानशा विमानातून एकटी निघाली आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे पोहोचली. अर्धी पृथ्वी ओलांडलेल्या याच वीरांगनेचे विमान २९ मे रोजी ब्रिस्बेन येथे उतरताना मैदानाची हद्द ओलांडून उलटले. सुदैवाने ती बचावली.

त्या काळची विमानतळे बहुधा मोकळी गवताळ मैदाने असत. वारा जिकडून येई तिकडे तोंड करून उतरता येई. पुढे पक्क्या, अरुंद धावपट्ट्या आल्या. पट्टीची दिशा ठरलेली. वाऱ्याची मात्र नाही! आडव्या वाऱ्यात विमान बाजूस वाहवत जाते. ओघ तोडून पैलतीर गाठणारा नावाडी नावेचे नाक प्रवाहाच्या अंगास रोखतो; वैमानिकही तसाच नाक वाऱ्याकडे वळवून येतो. मात्र चाके टेकण्याच्या क्षणी ते पट्टीशी सरळ करून वाऱ्याकडील पंख किंचित खाली धरावा लागतो. येथे पळभर चुकले, तर चाकांवर तिरपा ताण पडतो, पंख जमिनीस घासतो, किंवा विमान गरकन फिरते. शेपटाखाली चाक असलेल्या विमानांत हा धोका अधिक. कारण त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो.

हिशेब सोपा आहे. ताशी २० सागरी मैलांचा वारा पट्टीशी ३० अंशांचा कोन करून आला, तर त्याचा आडवा जोर १०. काटकोनात आला, तर पुरा २०. शिकाऊंच्या परिचयाच्या ‘सेसना १७२’ च्या प्रचलित नमुन्यांत चाचणीने सिद्ध झालेला आकडा १५ आहे.

आपल्याकडे सरला ठकराल यांनी १९३६ साली ‘जिप्सी मॉथ’ चालविले. आज तर कित्येक घरांतील मुलेमुली ही विद्या शिकतात. त्यांच्या वडील मंडळींस आमचे एवढेच सांगणे की, विमान पट्टीजवळ येऊन न टेकताच पुन्हा वर गेले, तर त्यास भित्रेपणा समजू नये. खाली आप्तजन पाहत आहेत, म्हणून उतरलेच पाहिजे, हा हट्ट घातक होय. फेरी मारण्यास थोडे इंधन लागते. हट्टापायी मात्र प्राण गमवावा लागतो. वाऱ्यापुढे एकदा माघार घेणारा वैमानिकच सुखरूप घरी परततो.