विश्लेषण : अजिंठ्याच्या चित्रांसाठी आयुष्य वेचणारे रॉबर्ट गिल कोण होते? वाशिमशी काय संबंध?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधले चित्रकार नाव मिळवण्यासाठी लंडनच्या रॉयल अकॅडमीकडे धाव घेत होते. त्याच काळात रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनाम चित्रकारांची चित्रे कॅनव्हासवर उतरवत बसला होता. त्या चित्रांचे मूळ शोधताना वाट थेट वाशिमपर्यंत येते.

वाशिमचा संबंध कसा?

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 मध्ये वाशिम येथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या शाखेचा इतिहास उजेडात आला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे दान दिले. तसा शिलालेख आजही तेथे आहे.

गिल अजिंठ्याला का आले?

1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ यांच्यामुळे ही लेणी बाहेरच्या जगाला कळली. चित्रे झपाट्याने खराब होत असल्याने त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात, असा आग्रह वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी 1843 मध्ये धरला. त्यानुसार ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये मद्रास लष्करातील गिल यांची नेमणूक केली. तेव्हा ते 40 वर्षांचे होते. अजिंठा गावात मुक्काम ठोकून त्यांनी जवळपास दोन दशके मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रतिकृती केल्या. पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यांची छायाचित्रे असलेले लेण्यांवरील पुस्तक 1864 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले.

त्या चित्रांचे काय झाले?

बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर 1866 मधील आगीत त्या जळून गेल्या. वाचलेली मोजकी चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्याने प्रतिकृती केल्या. त्यातील अनेक चित्रेही 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत नष्ट झाली.

पारोची गोष्ट खरी की दंतकथा?

अजिंठा गावात पारोची कबर आहे. आपल्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ गिल यांनी तिच्यावर इंग्रजी लेख कोरून घेतला असून पारोच्या मृत्यूचे वर्ष 1856 असे आहे. एवढा पुरावा दगडावर आहे. त्यांच्या सहवासाचे मनात ठसलेले चित्र मात्र मुख्यतः नंतरच्या साहित्यातून आले. कवी ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 मध्ये काढलेला चित्रपट यांनी ते घरोघरी पोहोचवले. गिल 1879 मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

आज हे का महत्त्वाचे?

मूळ चित्रांचे रंग आणि गिलावा काळाच्या ओघात गळत गेला. आज भिंतीवर नसलेला एखादा भाग पूर्वी कसा होता, हे जुन्या प्रतिकृती व छायाचित्रांतूनच पडताळता येते. म्हणूनच प्रत्येक जळालेल्या कॅनव्हासबरोबर एकेक साक्षीदार गेला. 1983 पासून अजिंठा जागतिक वारसा आहे. पर्यटक तेथे छत्रपती संभाजीनगर किंवा जळगावमार्गे जातात. ज्या राजवटीत ही कला बहरली, तिची राजधानी वाशिम होती, ही गोष्ट मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.